पाठीमागून मारलेली हाक

९ ऑक्टोबर

डॉक्टर मला म्हणाले, “लोरेन्झ डॉटरवाइख, राग गिळत बसू नका, लिहून काढा, रक्तदाब उतरेल.” म्हणून ही वही. आजच उद्घाटन करण्याइतका राग साठला आहे.

नाटकगृहात नवीन दिग्दर्शिका आली. फेम्के हाफरलांड. थेट उत्तरेच्या समुद्रकाठची. सकाळ असो, संध्याकाळ असो, भेटेल त्याला ‘मॉइन’ म्हणते. आमच्या दक्षिण जर्मनीतल्या फ्रँकोनियात माणूस माणसाला भेटला की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतो. देवाचं नाव घेऊन केलेला नमस्कार आहे तो, समोरच्याने तसाच परत करायचा असतो. ही बाई वाल्बुर्गाच्या बेकरीत ‘मॉइन’ म्हणत शिरली म्हणे. वाल्बुर्गाने पाव दिला, पण पिशवी दिली नाही. आमच्याकडे एवढ्यावर माणूस काय ते समजतो. ही पाव काखेत मारून आनंदाने निघून आली.

तर या बाईंनी आज सगळ्यांना बसवून आपला बेत सांगितला. ऑपेरा ‘बरणीतले आवाज’ हाच. तो बदलायची कुणाची छाती नाही, आमच्या आज्यांच्या आज्यांपासून नाताळाच्या आधी तोच होतो. जंगलातली चेटकीण मुलांचे आवाज चोरून मधाच्या बरण्यांत कोंडते. शेवटी दोन भावंडं बरण्या फोडून आवाज मोकळे करतात आणि चेटकिणीला कोळशाच्या भट्टीत ढकलतात. त्या वेळी प्रेक्षागृहातली झाडून सारी पोरं ‘भट्टीत! भट्टीत!’ म्हणून घसा फोडतात. मग वरून मधाचे केक उधळले जातात. मीही लहानपणी ओरडलोय आणि केक झेललाय.

फेम्के म्हणाली, “जंगल नको. मला तुमचं हेच गाव हवंय, चारशे वर्षांपूर्वीचं. इथं चेटकिणी ठरवून बायका जाळल्या तेव्हाचं.”

वाद्यवृंद चालवणारा आमचा बेर्गेल्ट म्हणाला, “पोरांच्या खेळात हे?”

“पोरांच्याच. तेव्हा साक्षी पोरांनीच दिल्या होत्या ना?”

सगळ्यांच्या माना वळल्या त्या ओर्ट्रूनबाईंकडे. बावीस हिवाळे आमची चेटकीण ओर्ट्रून श्टाडेलमानच आहे. येत्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार, म्हणजे हा खेळ म्हणजे त्यांचा निरोपच. आणि बावीस हिवाळे त्यांचं नाक माझ्या हातचं. रंगपट माझ्याकडे, नाकं, टोप, चामखिळी, सगळं. ओर्ट्रूनबाई फेम्केच्या तोंडाकडे असं टक लावून बघत होत्या, जसं काही तिथून मोती सांडताहेत.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “नाक राहणार का?”

“नाही,” फेम्के म्हणाली.

आणि ओर्ट्रूनबाई हसल्या. मला वाटलं होतं, ही बाई आता पोरीला उभी चिरते. कसली चिरते! “बरं झालं,” म्हणाल्या, “त्या नाकानं गाताना गुदमरायला व्हायचं.” बावीस वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं.

१३ ऑक्टोबर

टोपाचं माप. ओर्ट्रूनबाईंना जाड वेण्या हव्यात, दोन्ही कानांवरून घेतलेल्या. तेही ठीक. पण म्हणाल्या, “यंदा टोप माझा मी घालीन, लोरेन्झ.”

बावीस वर्षं त्या डोक्यात पिना मी खोचतोय. कुठे भोवरा आहे, कुठे टोचतं, मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक. नाटकगृहात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण मी त्यांना कधी ‘तू’ म्हणू शकलो नाही, इतका मान आहे मनात. त्या मानाचं हे फळ. मी ‘बरं’ म्हणालो आणि ब्रश उगाच दोनदा धुतले.

१९ ऑक्टोबर

फेम्के चर्चच्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती म्हणे. तिथे जाळलेल्यांची नावं कोरली आहेत. आम्ही त्या भिंतीला सायकली टेकवतो. तिला कुनिगुंड राऊचं नाव सापडलं. कुनिगुंडची गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही येते. गिरणीजवळची धोबीण. कुणी ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं तर उत्तर द्यायची नाही. देवाचं नाव जिच्या तोंडातून निघत नाही ती कुणाची, हे सांगायला पंडित नको. शेजारच्या पोरांनी सांगितलं, आम्ही तीनदा म्हणालो, ती वळली नाही. पुढचं भिंतीवर आहे.

फेम्के तालमीत म्हणाली, “ती उत्तर का देत नसेल, हे चारशे वर्षांत एकानंही विचारलं नाही?”

मी म्हणालो, “गर्विष्ठ असेल.”

ओर्ट्रूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग प्रवेश बसवला. चेटकीण पाण्याशी कपडे धूत बसलेली. मागून मुलं येतात, तीनदा ‘ग्र्यूस गॉट’ गातात, तिसऱ्या वेळी एक मुलगी बोट दाखवते. राग बाजूला ठेवून लिहितो: अंगावर काटा आला. ही उत्तरेची पोर दिसते तेवढी साधी नाही.

ओर्ट्रूनबाईंचं नवीन खूळ: चेटकीण अनवाणी हवी. म्हणाल्या, “मला फळ्या पायाखाली लागायला हव्यात.” म्हणजे रोज पाय रंगवायचं काम माझ्या गळ्यात. रंगवताना पाहिलं, बाजा सुरू झाला की त्यांच्या पायाची बोटं मुडपतात, मांजर फडताळावर उडी घ्यायच्या आधी करतं तशी.

२७ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवतो.

चेटकीण एकटी आहे, फडताळावर बरण्या. इतकी वर्षं ओर्ट्रूनबाई इथे खदाखदा हसायच्या, एकेक बरणी हलवायच्या, पोरं किंचाळायची. आज त्यांनी एक बरणी उचलली, झाकण किंचित उघडलं आणि कानाला लावली. थांबल्या. मग दुसऱ्या कानाला लावली. पुन्हा थांबल्या. मग झाकण लावून, झोपलेलं मूल ठेवावं तशी, बरणी जागेवर ठेवली. दुसरी घेतली. तिलाही तसंच. चेहऱ्यावर काही नाही, नुसती वाट बघणं.

एवढे आवाज चोरूनही बिचारीला एकही ऐकू येत नाही. म्हणून ती चोरतेय! आम्ही इतकी वर्षं हा ऑपेरा करतोय आणि हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. वाद्यवृंदातला ढोलवाला डोळे पुसत होता. तो लग्नातसुद्धा रडला नव्हता.

मी नंतर म्हणालो, “ओर्ट्रूनबाई, हे सुचतं कुठून तुम्हाला?”

त्या पाठमोऱ्या शाल घेत होत्या. उत्तर न देता निघून गेल्या. मोठी माणसं अशीच, स्तुती अंगाला लावून घेत नाहीत.

२ नोव्हेंबर

बेर्गेल्ट चिडलाय. ओर्ट्रूनबाई अर्धी मात्रा उशिरा येतात म्हणे, त्याच्या छडीकडे बघून येतात, सुरांवरून येत नाहीत, आणि पाठ फिरवून गायचं असलं की पार चुकतात. आज सगळ्यांदेखत म्हणाला, “इथं वाद्यवृंद गायिकेची वाट बघणार नाही.” शेजारच्या शहरातल्या एका तरुण गायिकेला तयार राहायला सांगितलंय. पहिल्या संपूर्ण तालमीनंतर ठरवणार, निरोपाचा खेळ ओर्ट्रूनबाई गातात की ती.

मी सांगतो काय आहे ते. त्या मुद्दाम करताहेत. चेटकीण जगापेक्षा अर्धं पाऊल मागे असते, तेच दाखवताहेत. छडी हलवणाऱ्याला हे कुठून कळावं. बावीस वर्षांनी या बाईला मागच्या दाराने घालवणार?

५ नोव्हेंबर

रागाची पाळी आज माझी.

बाजारातल्या कारंज्याजवळ ओर्ट्रूनबाई पुढे चालल्या होत्या. मी मागून म्हणालो, “ग्र्यूस गॉट, ओर्ट्रूनबाई!” काही नाही. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. दोन बायका वळल्या, त्या नाही. तशाच ताठ मानेने चर्चकडे वळल्या.

मी बेकरीत शिरलो तो तोंड पाडूनच. वाल्बुर्गाने बरोब्बर ओळखलं.

“काय रे लोरेन्झ, तुझाही पाणउतारा केला वाटतं राणीसाहेबांनी? माझ्याकडे येते, मी पाठ फिरवून पाव काढता काढता चार गोष्टी विचारते, ही मख्ख. निवृत्त व्हायच्या आधीच शिंगं फुटली.”

आणि मी म्हणालो, “हो, मलासुद्धा उत्तर दिलं नाही. दोनदा हाक मारली.”

दुकानात पाचसहा जणं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं, खोटं का लिहा.

९ नोव्हेंबर

बरं वाटलं होतं ते चार दिवसांत अंगाशी आलं. बेर्गेल्ट आज फेम्केला म्हणाला, “बाईंचं डोकं ठिकाणावर नाही असं गावच म्हणतंय. डॉटरवाइखलासुद्धा ओळख देत नाहीत. बेकरीत त्यानंच सांगितलंय, विचार.”

फेम्केने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “तसं नव्हतं म्हणायचं मला.” पण कसं म्हणायचं होतं, ते सांगता येईना.

दुसरं संकट. जाळायच्या आधी बायकांचे केस भादरायचे, म्हणून शेवटच्या प्रवेशात चेटकिणीचं डोकं तुळतुळीत हवं, असं फेम्केने ठरवलं. ओर्ट्रूनबाई ताडकन उठल्या. “टोप निघणार नाही.” जी बाई बावीस वर्षं डुकराच्या सुळ्यांसकट मिरवली, तिला टकलाची लाज? फेम्के त्यांच्यामागून गेली. दोघी बराच वेळ बाहेर, थंडीत, समोरासमोर उभ्या होत्या. खिडकीतून दिसत होतं, बोलत फेम्केच होती, सावकाश, तोंड मोठं करून. उत्तरेकडचे लोक बोलतातच तसे. मग ओर्ट्रूनबाईंनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्या देखत त्यांनी कधी कुणापुढे डोकं टेकलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

ओर्ट्रूनबाई आपण होऊन रंगपटात आल्या. आरशासमोर बसल्या. हल्ली त्या माझ्याशी आरशात बघूनच बोलतात.

“टकलाची टोपी कर, लोरेन्झ. वेण्यांच्या टोपाखाली बसेल अशी. टोप मी स्टेजवर काढीन.”

“करतो.”

“कान मोकळे ठेव.”

“आधी कान झाका म्हणालात, आता मोकळे.”

“कुनिगुंडचे मोकळे होते,” त्या म्हणाल्या.

मी बेसिनकडे वळलो, कारण तोंडावर बोलायचा धीर नव्हता. पाणी सोडून म्हणालो, “ओर्ट्रूनबाई, बेकरीत मी तुमच्याबद्दल नको ते बोललो. माफ करा.” नळ बंद करून वळलो तर त्या आरशात स्वतःच्या वेण्या नीट करत होत्या. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. मन नरम होतं ते पुन्हा कडक झालं. माफी मागितली तर निदान ‘बरं’ म्हणावं माणसाने.

१८ नोव्हेंबर

पहिली संपूर्ण तालीम.

फेम्केने आज मोठे ढोल स्टेजपुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून काढून स्टेजच्याच फळ्यांवर आणले, विंगेत, ओर्ट्रूनबाईंच्या जवळ. बेर्गेल्ट म्हणाला, “हे काय सर्कशीचं?” ती म्हणाली, “गावकऱ्यांची पावलं आहेत ती. मला फळ्या हादरायला हव्यात.” शिवाय मुलांच्या घोळक्यात ती बोट दाखवणारी मुलगी अशी उभी केली की ती श्वास घेताना ओर्ट्रूनबाईंना समोर दिसते.

आणि ओर्ट्रूनबाई एकाही ठिकाणी चुकल्या नाहीत. एकाही. बेर्गेल्टने छडी खाली ठेवली. “बाई, मग इतके दिवस काय झालं होतं?” त्या गोड हसल्या नुसत्या. तरुण गायिकेला फोन करून ‘येऊ नका’ सांगितलं.

त्या दोघींचं काहीतरी शिजतंय. मला कळत नाही, पण मी ‘मॉइन’ म्हणणाऱ्या पोरीला आज स्वतःहून कॉफी नेऊन दिली.

२८ नोव्हेंबर

रंगीत तालीम. आमच्यात रंगीत तालमीला टाळी वाजवायची नसते, अपशकुन. आज कुणी वाजवली नाही, पण त्यासाठी लोकांना हात मांडीखाली घेऊन बसावं लागलं. टोप काढून ठेवायचा प्रसंग मात्र ओर्ट्रूनबाईंनी आज केला नाही. “तो एकदाच,” म्हणाल्या.

गावात कुजबुज आहे. पालक म्हणतात, पोरांना ओरडायला मिळणार नसेल तर तिकिटं कशाला काढायची.

३० नोव्हेंबर

खेळ दुपारचा होता, मुलांसाठी. आता घरी आलोय.

पडद्याआधी मी नेहमीप्रमाणे विंगेत ओर्ट्रूनबाईंच्या मागे गेलो. आमची रीत आहे: डाव्या खांद्यावरून तीनदा थू-थू करायचं, ‘तोय तोय तोय’ म्हणायचं. ज्याला म्हटलं त्याने आभार मानायचे नाहीत, आभार मानले की शुभेच्छा फुकट. म्हणून ओर्ट्रूनबाई त्यावर दर वर्षी उलटंच म्हणायच्या, “बिघडेल काहीतरी, बघ तू.” आज मी म्हणालो, आणि त्या उभ्याच. वळल्या नाहीत. काहीच नाही. आजच्या दिवशी तरी?

खेळ सुरू झाला. बरण्यांच्या प्रवेशाला पोरं हसली नाहीत. कपडे धुण्याच्या प्रवेशाला मुलांनी तीनदा ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं, मुलीने बोट दाखवलं, आणि माझ्या शेजारी उभी असलेली फेम्के थंडी वाजल्यासारखी अंग आकसून घेत होती.

मग शेवट. गावकरी भोवती. ओर्ट्रूनबाईंनी वेण्यांचा टोप दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. तुळतुळीत डोकं, दिव्याखाली. मग उजवा हात कानाकडे गेला. कानामागून त्यांनी काहीतरी काढलं, घेवड्याच्या दाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं.

पहिला विचार सांगू? हे माझ्या हातचं नाही. त्या डोक्यावरची प्रत्येक वस्तू मी केलेली असते, आणि ही मी केलेली नाही.

मग दुसऱ्या कानामागून तसंच. दोन्ही दाणे त्यांनी रिकाम्या बरणीत टाकले. त्यातला एक बारीक शिटी घालत होता, तेवढी आम्हाला विंगेत ऐकू आली. झाकण लावलं. शिटी थांबली.

वेण्या. आरसा. अनवाणी पाय. फळ्यांवरचे ढोल. कारंजं. नळाचं पाणी. सगळं एकदम माझ्यावर येऊन आदळलं. मी विंगेतल्या दोराला धरून उभा राहिलो.

मुलांनी मागून पुन्हा ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं. त्या वळल्या नाहीत, आणि तो अभिनय नव्हता. प्रेक्षागृहात सवयीने दोनतीन पोरं ‘भट्टीत!’ म्हणाली. मग तीही गप्प झाली. इतकं गप्प मी ते नाटकगृह कधी पाहिलं नाही. भट्टीचा लाल उजेड पसरला आणि ओर्ट्रूनबाई शेवटचं गाणं गायला उभ्या राहिल्या. कानात काही नाही. पायाची बोटं मुडपलेली. ढोलाचा पहिला ठोका फळीतून त्यांच्या तळव्यात गेला, तो मला दिसला.

आणि त्या गायल्या. मी बावीस वर्षं त्यांचं गाणं ऐकतोय. इतकं चांगलं त्या कधीच गायल्या नव्हत्या. मधे एका ठिकाणी त्या जरा पुढे गेल्या, तर बेर्गेल्टने छडी खाली घेतली, डोळे त्यांच्या तोंडावर लावले आणि सगळ्या वाद्यवृंदाला त्यांच्यामागून नेलं. गायिकेची वाट न बघणारा बेर्गेल्ट. त्या माणसापुढे मी आज मनातल्या मनात टोपी उतरवली.

केक उधळले. पोरांनी झेलले नाहीत, वाकून उचलले. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा ओर्ट्रूनबाईंनी त्या ऐकल्या नाहीत, पाहिल्या.

रंगपटात त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या, टॉवेल खांद्यावर. मी दारातून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलाला वळसा घातला, खुर्च्या सरकवल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“ग्र्यूस गॉट, ओर्ट्रूनबाई.”

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे.

“ग्र्यूस गॉट, लोरेन्झ. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पुढून आलास.”

“सांगायचं तरी होतं मला.”

“सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी ओरडून बोलला असतास. सगळ्या नाटकगृहाला कळलं असतं, आणि मी ऑक्टोबरातच घरी बसले असते. त्या पोरीनं ओळखलं, तिला गप्प बसता येतं.” मग त्यांनी माझा हात थोपटला. “बेकरीत तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, हे बरंच झालं. फेम्केनं सांगितलं ते पुरे झालं.”

मला रडू आवरेना. साठीच्या उंबऱ्यावरचा माणूस, टकलाच्या टोपीचा डिंक हातात घेऊन रडत होतो. त्या म्हणाल्या, “आता काढ हे. पिनांची सवय गेली नाही ना?” टोपी मीच काढली. भोवरा अजून तिथेच आहे.

१ डिसेंबर

रविवार, पण नाताळाआधीच्या दिवसांत वाल्बुर्गा सकाळी दुकान उघडते. सगळं गाव तिथेच होतं, कालचंच बोलणं. मी आत शिरलो तशी वाल्बुर्गा म्हणाली, “अरे, आम्हाला काय माहीत बाईंना ऐकू येत नाही ते! तरी लोरेन्झ, तिनं तुला उत्तर दिलं नव्हतं, एवढं तर खरं होतं ना?”

मी म्हणालो, “कुनिगुंडनंही दिलं नव्हतं.”

वाल्बुर्गा पाठ फिरवून पाव काढत होती, ती तशीच थांबली. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या हातात दोन पाव दिले.

“एक तुझा. एक त्या मॉइनवालीला नेऊन दे,” ती म्हणाली. दोन्ही पिशवीत घातलेले होते.